मूठ आणि झडप

मोटारसायकलच्या उजव्या मुठीसाठी आपल्या बोलीत एक नेमके क्रियापद आहे : पिळणे. कपडा पिळतात, कान पिळतात, तशी मूठ पिळायची. दुसरा शब्दप्रयोग 'रेस देणे'. त्यातही देण्याघेण्याचा भाव आहेच; हाताने काही दिले आणि इंजिनाने ते घेतले. या दोन्ही प्रयोगांमागे एक साधे यांत्रिक सत्य होते. मुठीच्या आत पोलादी तारेची एक केबल असे, ती टाकीखालून जाऊन कार्बोरेटरपर्यंत पोचे, आणि मूठ जेवढी फिरे तेवढीच आतली झडप उचलली जाई. हात आणि झडप यांच्यात तिसरे कोणी नव्हते. केबल सुकली तर मूठ जड लागे, एखादा पदर तुटला तर बोटांना कळे. बिघाड डोक्याला समजण्याआधी हाताला समजत असे.

आता अनेक गाड्यांतून ती केबल गेली आहे. मूठ फिरवली की तिच्या आतला एक संवेदक 'बाईंनी मूठ इतके अंश फिरवली' एवढेच विजेच्या दाबाच्या भाषेत कळवतो. तो निरोप गाडीतल्या संगणकाकडे जातो. तो इंजिनाची गती, गिअर, तापमान असे सगळे विचारात घेतो आणि मग एका छोट्या मोटरला झडप किती उघडायची ते सांगतो. महाविद्यालयात काम करणाऱ्यांना ही पद्धत अपरिचित नाही. पूर्वी आपण थेट ग्रंथालयात जाऊन पुस्तक उचलत होतो, आता अर्ज करायचा, तो आवक-जावकमधून जाणार, वरून मंजुरी येणार. फरक एवढाच, की इथली मंजुरी सेकंदाच्या फार लहान अंशात मिळते. त्यामुळे आपण अर्ज केला होता हेच लक्षात राहत नाही.

विमानांत ही व्यवस्था आधी आली. अमेरिकेच्या 'नासा'ने १९७२ साली एका लढाऊ विमानावर संगणकाद्वारे चालणारी नियंत्रणे उडवून पाहिली, आणि १९८८ पासून एअरबस ए-३२० हे प्रवासी विमान अशाच नियंत्रणांसह सेवेत आले. मोटारसायकलींत २००६ च्या यामाहा आर-सिक्सचे नाव सुरुवातीच्या गाड्यांमध्ये घ्यावे लागते. तिच्यात गंमत अशी होती, की मुठीपासून केबल निघत होती, पण ती झडपेपर्यंत न जाता संवेदकापाशीच थांबत होती. झडप मोटरच हलवत असे. जुन्या वाड्याचा दिंडीदरवाजा तसाच ठेवून मागे सदनिका बांधाव्यात, तसे काहीसे. पुढे तो दरवाजाही गेला.

हे सारे मला ठाऊक आहे ते गरजेपोटी. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघी कोल्हापुराहून सावंतवाडीला निघालो होतो. मी माझ्या या अर्ज-पद्धतीच्या गाडीवर, आणि आमच्याच महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाई त्यांच्या वीस वर्षे जुन्या, कार्बोरेटरवाल्या गाडीवर. एरवी सत्र परीक्षा संपल्यावर आम्ही निरुद्देशच हिंडतो. या वेळी मात्र उद्देश होता. मला पाठचिकित्सा शिकवणारे सर वर्षभरापूर्वी गेले. सावंतवाडीजवळचे त्यांचे घर विकले गेले होते, आणि त्यांच्या मुलीने फोनवर सांगितले होते, "सोमवारी सकाळी रद्दीवाला येणार आहे. त्याआधी तुला काय हवं ते घेऊन जा." सरांनी चाळीस वर्षे जमवलेल्या पाठभेदांच्या वह्या त्या घरात होत्या. तो दिवस रविवार होता.

रस्ता निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली असा. (निपाणी कर्नाटकात, पुढे पुन्हा महाराष्ट्र. सीमाप्रश्नावर एवढी पुस्तके निघाली. दुचाकीवरून जाणाऱ्याला ती सीमा मुख्यतः दुकानांच्या पाट्यांवरूनच कळते.) ऊसतोडीचे दिवस होते. उत्तूरच्या पुढे एका ट्रॅक्टरने दोन ट्रॉल्या ओढत रस्त्याचा पाऊण भाग व्यापला होता. समोर मोकळे दिसले म्हणून मी ओलांडायला बाहेर काढली, मूठ पिळली, आणि दुसऱ्या ट्रॉलीच्या बरोबरीला आले असताना गाडी मेली.

मेली हा शब्द बरोबर नाही. इंजिन चालू होते, पण ते फक्त पुटपुटत होते. मूठ पूर्ण फिरवली तरी काही नाही; जणू माझ्या हातात नुसती रबराची नळी होती. घड्याळांच्या पट्टीत इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला. समोरच्या वळणावर एसटीचे तांबडे तोंड दिसले. क्लच दाबून, उरलेल्या वेगावर, ट्रॉलीच्या मागे परत येण्याइतकी जागा मिळाली, एवढेच. माझ्या मागे असलेल्या बाईंनी नंतर सांगितले, की ट्रॅक्टरवाल्याने न पाहताच सवयीने वेग कमी केला होता. त्याने तो का केला, कुणास ठाऊक. मी कडेला थांबले तेव्हा माझ्या हाताला कंप होता, आणि मला राग आला होता तो बिघाडाचा नव्हे, तर त्याने काहीच पूर्वसूचना दिली नाही याचा. केबलने दिली असती.

किल्ली बंद करून अर्धा मिनिट थांबून पुन्हा चालू केले, तर गाडी शहाण्यासारखी चालू लागली. दिवा मात्र तसाच होता. पुढे सातआठ किलोमीटरवर पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी मागून आलेल्या बाईंनी हेल्मेट काढून विचारले, "तुमच्या लक्षात आलं का? तिन्ही वेळा तुम्ही डावीकडे वळत होता." पहिल्या वेळी मी ट्रॉलीकडे परत येत नव्हते, असे मी म्हणाले. "पण रस्ता डावीकडे वळत होता," त्या म्हणाल्या. निरीक्षण म्हणजे काय, हे मला साहित्यात शिकवावे लागते. त्यांच्या विषयात ते गृहीतच असते.

आजऱ्यात आम्ही थांबलो. 'मृत्युंजय'कार शिवाजी सावंतांचे हे गाव. रथाचे चाक रुतायला याहून समर्पक जागा मराठीच्या प्राध्यापिकेला मिळाली नसती. एका हॉटेलाबाहेरून सेवाकेंद्राला फोन केला. नाव सांगण्यात अर्थ नाही. कुठल्याही सेवाकेंद्राचे उत्तर असेच असावे. गाडी टेम्पोत घालून आणा, बहुधा मुठीचा पूर्ण जोड बदलावा लागेल, भाग यायला दोन आठवडे लागतील. काय बिघडले आहे हे कुणी विचारले नाही. काय बदलायचे हे मात्र ठरले होते.

बाईंनी त्यांच्या पिशवीतून आगपेटीएवढे एक यंत्र काढले. त्यांच्या मोटारीसाठी घेतलेले. ते गाडीच्या तपासणी-कपलरला लावले, की संगणकाने नोंदवलेले दोष मोबाइलवर दिसतात. माझ्या गाडीचा कपलर लहान असतो, त्यासाठीचा जोडतुकडा माझ्याजवळ होता. पडद्यावर एक संकेत उमटला : पी २१३८. प्रमाणित यादीत याचा अर्थ असा, की चालकाच्या मागणीचे दोन संवेदक एकमेकांशी जुळत नाहीत.

दोन संवेदक! इथून पुढे मला त्या यंत्राविषयी जिव्हाळा वाटू लागला, हे कबूल केले पाहिजे. मुठीत एक नव्हे, दोन साक्षीदार बसवलेले असतात. मूठ किती फिरली हे दोघेही स्वतंत्रपणे सांगतात, आणि दोघांची भाषाही मुद्दाम वेगळी ठेवलेली असते. पुष्कळ गाड्यांत एक जेवढा व्होल्ट सांगतो त्याच्या निम्मा दुसरा सांगतो. कारण दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या, तर दोन्ही साक्षी तंतोतंत सारख्या येतील. आणि अशी तंतोतंत सारखी साक्ष संगणक खोटी मानतो. निम्म्याचे प्रमाण टिकले तरच विश्वास. ते मोडले, की तो कुणाचेच ऐकत नाही. झडपेला बंद होण्याच्या दिशेने ओढणारी स्प्रिंग असते, ती झडप मिटते, आणि इंजिन केवळ जिवंत राहण्यापुरते चालते.

सरांच्या पहिल्या तासाची मला आठवण झाली. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० सालची. एकनाथांनी ती शुद्ध केली शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली. मधल्या तीनशे वर्षांत हातांनी नकला होत गेल्या आणि प्रत्येक नकलेत काहीतरी सरकले. सर विचारत, दोन पोथ्या आहेत आणि एका ओवीत त्या जुळत नाहीत. तुम्हाला काय कळले? वर्गातून उत्तर येई, एक चूक आहे. कोणती? शांतता. दोन पोथ्यांतून चूक आहे एवढे कळते, कुठली ते कळत नाही. मग कुणीतरी म्हणे, तिसरी पाहू. त्यावर सर हसत आणि सांगत, की तिसरी पोथी दुसरीवरूनच उतरवलेली असेल तर तुमचे बहुमत कवडीमोलाचे. साक्षीदार मोजायचे नसतात, ते कुठून आले ते पाहायचे असते. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ला हाती घेतली आणि ती पुरी व्हायला १९६६ उजाडले, याचे कारण या एका वाक्यात आहे.

मुठीतल्या दोन साक्षीदारांना वेगळ्या भाषेत बोलायला लावणारा अभियंता आणि माझे सर यांची भेट झाली असती, तर दोघांना एकमेकांचे म्हणणे लगेच कळले असते. फरक कृतीत आहे. संपादक न जुळणाऱ्या ठिकाणी विचार करतो, एक पाठ वर घेतो, दुसरा तळटीपेत ठेवतो आणि पुढे जातो. संगणक थांबतो. त्याला तळटीप लिहिता येत नाही. मला त्या ट्रॉलीपाशी हा थांबा अन्याय्य वाटला होता. पण विचार केल्यावर वाटते, की त्याने एका साक्षीदाराला निवडले असते आणि तो खोटा निघाला असता, तर झडप सताड उघडली असती. मेलेली गाडी आणि उधळलेली गाडी यांतून मी मेलेलीच निवडीन.

आमच्याजवळ मात्र तिसरी प्रत होती, आणि ती कुणावरून उतरवलेली नव्हती. मूठ फिरलेली नाही हे आम्हाला डोळ्यांनी दिसत होते. इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली चालू केली. मोबाइलवर दोन्ही आकडे : ०.८ आणि ०.४. मूठ थोडी पिळली : २.४ आणि १.२. ठीक. सोडली. मग बाईंनी मुठीला हात न लावता हँडल हळूहळू डावीकडे वळवले. ०.८, ०.४, ०.८, ०.४, अगदी टोकाला जाताना ०.८ आणि शून्य. परत सरळ केले, ०.४ आले. पुन्हा डावीकडे, पुन्हा शून्य. म्हणजे संवेदक निर्दोष होता. झडपेची मोटर निर्दोष होती. संगणक तर अतिशय प्रामाणिक होता. दुसऱ्या साक्षीदाराचा आवाज वाटेत कुठेतरी दाबला जात होता, हँडल जिथे वळते त्या मानेपाशी. त्याआधी त्यांनी बॅटरीही तपासून घेतली होती, कारण वीज कमी पडली की अशी यंत्रे नाही नाही ते आरोप करू लागतात. बंद असताना १२.६ व्होल्ट, चालू असताना १४.१. बॅटरीवर संशय नव्हता.

गडहिंग्लज रस्त्याला एका ऑटो इलेक्ट्रिशियनचे दुकान सापडले. हंगामात त्याच्याकडे ट्रॅक्टरांचीच रांग. मिस्त्री तिशीचा असेल. त्याने गाडीकडे लांबूनच पाहिले.

"मॅडम, हिच्यात कॉम्प्युटर हाय. आमी हात लावत न्हाई. कंपनीचा लॅपटॉप लागतोय हिला."

बाईंनी त्याला मोबाइल दिला आणि स्वतः हँडल वळवले. त्याने आकडा शून्य होताना पाहिला, परत येताना पाहिला. मग मोबाइल न विचारता माझ्या हाती देऊन तो मानेपाशी वाकला.

"हे म्हंजे वायर तुटलीया की वो. वायर म्हंजे वायरच. ट्रॅक्टरची असू दे न्हाईतर विमानाची."

त्याने सवयीने टेस्ट लॅम्प उचलला. तारेत टोचून दिवा लागतो का पाहण्याचे त्याचे नेहमीचे साधन. बाईंनी त्याला थांबवले. या तारा पाच व्होल्टच्या, निरोपाच्या, प्रकाशाच्या नव्हेत. बल्ब त्यांच्यातून जेवढी वीज ओढील ती त्यांना सोसणारी नसते, आणि टोचलेल्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी जाते. मिस्त्रीने क्षणभर विचार केला आणि मल्टिमीटर आणला. त्याचा अपमान झाला नाही, हे मी मुद्दाम लिहिते. शिकणाऱ्या माणसाचा चेहरा मला ओळखता येतो. वीस वर्षे मी तोच शोधत वर्गात उभी आहे.

दिव्याभोवतीचे आच्छादन काढल्यावर उलगडा झाला. आदल्या पावसाळ्यात एका दुकानात धुक्याचे दिवे बसवून घेतले होते. तिथल्या माणसाने नव्या तारा मूळ तारांच्या जुडग्याबरोबर प्लास्टिकच्या पट्टीने मानेला करकचून आवळल्या होत्या. हँडल डावीकडे गेले की जुडग्याला ताण, महिनोन्महिने ताण. बाहेरचे आवरण एका ठिकाणी चेपले होते, आतले तांबे तुटले होते, आणि तुटलेली टोके सरळ स्थितीत एकमेकांना टेकून राहत होती. जवळचा कपलर उघडला तर एका पिनेवर हिरवट बुरशीसारखा थर. तो स्वच्छ केला. बाकी पाच तारा शाबूत.

मिस्त्रीने मग जे केले ते मी लक्ष देऊन पाहिले. तुटक्या जागी दोन टोके जोडणे सोपे होते. त्याने तसे केले नाही. दोन्ही बाजूंनी बोटभर तार कापली, मध्ये नवा तुकडा घातला, सांधे मानेपासून दूर, जिथे तार हलत नाही अशा दोन ठिकाणी आणले आणि तिथे डाग दिला. "वळणाऱ्या जागंवर सांधा ठेवायचा न्हाई," तो म्हणाला, "डाग दिला की तार कडक हुती, पुन्ना तितंच मोडती." वर स्लीव्ह चढवून गरम केली, जुडग्याला थोडी ढील ठेवली, धुक्याच्या दिव्यांच्या तारा वेगळ्या वाटेने नेल्या. हँडल दहा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत. ०.८, ०.४. एकदाही चुकला नाही. दीडशे रुपये मागितले, आणि जास्तीचे घेईना.

रॉबर्ट पर्सिगच्या १९७४ च्या त्या प्रसिद्ध पुस्तकात, 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'मध्ये, एक मित्र आहे. त्याच्या महागड्या गाडीचे सैल हँडल बिअरच्या डब्याच्या पत्र्याची चकती घालून घट्ट करता येईल असे निवेदक सुचवतो, आणि मित्राला ती कल्पनाच अपमानास्पद वाटते. पदव्युत्तर वर्गात हा प्रसंग मी यंत्रभय म्हणून शिकवत आले. आता मला त्या मित्राची बाजूही दिसते. ज्या वस्तूच्या आत डोकावायला परवानगीच नाही, तिच्याविषयी अढी बसणे स्वाभाविक असते. आणि परवानगीचा हा प्रश्न केवळ वृत्तीचा नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा पहिल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे आणि वाहने ही दोन्ही होती. आजऱ्याच्या त्या दुकानात ही दोन्ही क्षेत्रे एकाच छपराखाली उभी होती. त्या मिस्त्रीला कमी काय होते? कौशल्य नव्हे. त्याला कमी होता तो एक संकेत वाचण्याचा अधिकार, आणि तो आगपेटीएवढ्या यंत्रात मावत होता.

केबलच्या काळाविषयी हळवे होऊन बोलणारे माझ्या वयाचे लोक पुष्कळ आहेत, आणि मीही त्यांत मोडते. पण हिशेब करायचा तर केबलही ट्रॉलीच्या बाजूला तुटू शकतेच. पूर्वसूचना देते ती ऐकणाऱ्याला. इथे पूर्वसूचना हाताला मिळाली नाही, कागदावर मिळाली. असो.

पिवळा दिवा अजून होता. बाईंनी विचारले, "पुसून टाकू का दोष?" यंत्राने तो पुसता येतो. मी नको म्हणाले. दोष पुन्हा आला नाही, तर तो दिवा आपोआप जातो, पण संगणकाला त्याची खात्री पटावी लागते. एका फेरीत नव्हे, सहसा ओळीने तीन फेऱ्यांत. आंबोलीचा घाट मी त्या दिव्यासकट उतरले. डावी वळणे मोजत होते. सव्विसाव्यानंतर मोजणे सोडले.

सावंतवाडीत पोचायला अंधार पडला. सरांच्या मुलीने दिवाणखान्यात सगळे मांडून ठेवले होते. मासिकांचे जुने अंक होते, पूर्ण वर्षांच्या फाइली, दोन गाड्यांवर ते येणे शक्य नव्हते, आणि ते सोमवारी गेले. त्याविषयी मला अजून काही लिहिता येत नाही. वह्या चौदा निघाल्या. आठ माझ्या खोगीरपिशव्यांत, सहा बाईंच्या. रात्री त्यांनी त्यातली एक उघडून पाहिली. प्रत्येक पानावर उभे रकाने, प्रत्येक पोथीला एक अक्षर, ओवीचा क्रमांक आणि पुढे पाठ. जिथे दोनच प्रती मिळाल्या आणि त्या जुळल्या नाहीत, तिथे सरांनी शेवटचा रकाना रिकामा सोडून पेन्सिलीने लिहिले होते, 'तिसरी पाहणे.' बाईंनी विचारले, अशा जागा किती? मोजल्या नव्हत्या. आता मोजते आहे. नवव्या वहीपर्यंत दोनशे अकरा झाल्या.

परतताना निपाणीच्या अलीकडे चहासाठी थांबलो. पुन्हा गाडी चालू केली तेव्हा पिवळा दिवा लागला, जसा तो सुरुवातीला नेहमीच लागतो, आणि इंजिन सुरू होताच विझला. बाईंनी कुतूहलाने त्यांचे यंत्र लावून पाहिले. दिवा गेला असला, तरी पी २१३८ ची नोंद स्मृतीत होतीच. ती आणखी काही दिवस राहते, असे त्या म्हणाल्या.